टेबलाची उंची आणि कोळंबीचा भाव



गेल्या बैठकीत एका सोलणी शेडवाल्या सभासदाने विचारलं होतं, "कोळंबी त्याच बोटीची, बर्फ त्याच कारखान्याचा, मग शेजारच्या शेडपेक्षा आमच्याकडे तुकडा जास्त का निघतो?" त्यावर पाऊण तास चर्चा झाली. बर्फावर झाली, पाण्यावर झाली, पावडरीवर झाली. सोलणाऱ्या बाया बसतात कशा, त्यांच्यापुढे माल कुठे असतो, उजेड कुठून येतो यावर एक शब्द निघाला नाही. आज त्याच गोष्टीवर लिहितोय. लांबलंय, पण सवडीने वाचा आणि घरात जी बाई सोलायला जाते तिलाही वाचून दाखवा.

या विषयाला इंग्रजीत अर्गोनॉमिक्स म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. काम, हत्यार आणि जागा माणसाच्या शरीराला जुळवून घ्यायची, माणसाला कामापुढे वाकवायचं नाही. हा शब्द पोलंडचे शास्त्रज्ञ यास्त्शेंबोव्स्की यांनी १८५७ साली पहिल्यांदा वापरला. आपल्याकडे लोकांना वाटतं, हे ऑफिसातल्या खुर्च्या आणि कॉम्प्युटरवाल्यांचं प्रकरण. तसं नाही. विळीवर बसणं, पाटी डोक्यावर घेणं, जाळं ओढणं, बर्फ फोडणं, हे सगळं त्यातच येतं.

आणि ते फक्त अंगदुखीपुरतं नाही. कमरेचं दुखणं मालात उतरतं, हे आज सांगायचं आहे.

हैदराबादला राष्ट्रीय मत्स्य विकास मंडळाचं मुख्यालय आहे. हे मंडळ २००६ साली स्थापन झालं, आणि त्यांची इमारतच माशाच्या आकाराची आहे. तिथल्या कामासाठी आम्ही काही जण गेलो होतो तेव्हा मुक्काम दिलसुखनगरला होता. भाग सगळा क्लासेसचा, हॉस्टेलचा, कपड्याच्या दुकानांचा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो आणि सवयीप्रमाणे एका मासळीच्या दुकानापाशी थांबलो. तिकडे मान मरळीला, तेलुगूत कोरामीनू म्हणतात, तेलंगणाचा तो राज्यमासा. (आपला पापलेट २०२३ मध्ये झाला.) दुकानात दोन माणसं कापत होती. एकाच्या पुढे लाकडाचा जाड ओंडका, बरोबर कमरेच्या वर, तो उभ्याने कापत होता. उजव्या हाताला नळ, डाव्या हाताला कचऱ्याचा डबा, दिवा डोक्याच्या थोडा पुढे. त्याचा एकेक तुकडा सारख्या जाडीचा पडत होता. दुसरा कोपऱ्यात जमिनीवर उकिडवा बसून खवले काढत होता. दर थोड्या वेळाने उठायचा, पाय झटकायचा, परत बसायचा. त्याच्या हातून गेलेल्या माशांची कातडी जागोजाग फाटलेली होती. गिऱ्हाईक फाटलेला मासा बाजूला सारत होतं आणि दुकानदार त्या पोरावरच ओरडत होता.

आमच्यातले एक जुने तांडेल म्हणाले, "पोराला ओरडून काय होणार, त्याला स्टूल द्या."

हे नुसतं आमचं निरीक्षण नाही. स्वीडनमध्ये यॉर्गन एकलुंड नावाच्या संशोधकाने मोटारी जोडण्याच्या कारखान्यात यावर अभ्यास केला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. शरीराला जड जाणारी कामं कोणती ते त्यांनी आधी कामगारांनाच विचारलं, आणि मग गाड्यांमध्ये दोष कुठे निघतात ते पाहिलं. ज्या कामात वाकावं लागतं, हात डोक्यावर धरावा लागतो, नीट दिसत नाही, अशा कामांत दोष इतर कामांच्या तिप्पट निघाले. तिथे गाडी होती, आपल्याकडे कोळंबी आहे. हात माणसाचेच.

आता सोलणी शेडमध्ये नेमकं काय घडतं ते बघू.

मुंबईच्या ससून डॉकपासून (१८७५ साली बांधलेला) ते रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापर्यंत कोळंबी सोलायची पद्धत बहुतेक ठिकाणी तीच. मधे ढीग, भोवती बाया, जमिनीवर किंवा वीतभर पाटावर. सकाळी पहिला तास हात सरसर चालतात. मग पाय बधिर होतात. बाई एका कुल्ल्यावर झुकते, मग दुसऱ्या. ढीग कमी होत जातो तसा माल लांब जातो, म्हणजे दर मुठीला पुढे वाकायचं. पाठ भरून आली की माणूस हात जवळ घेऊन काम करतो, कोळंबी मांडीवर धरतो, आणि डोळ्यापासून अंतर वाढतं. डोकं पुढे आल्याने स्वतःचीच सावली हातावर पडते. पाठीतला काळा दोरा दिसत नाही, तो राहतो. शेपटीकडचा शेवटचा पेर हळू ओढून काढायचा असतो. घाईत ओढला की मांस टरफलातच राहतं. झाला तुकडा. वजन गेलं ते वेगळंच.

मग बर्फ. ही गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण मालकांना याचा राग येतो आणि कारण कळत नाही. मालक सांगतो, कोळंबीवर बर्फ ठेवा. तासाभराने येऊन बघतो तर बायांनी बर्फ बाजूला सारलेला. "ऐकतच नाहीत" म्हणून तो बोलतो. अहो, पण बर्फात बोटं घालून बघा! बोटांच्या कातडीचं तापमान पंधरा अंशाखाली गेलं की बारीक काम करायची ताकद कमी होते. बोटाला स्पर्श कळत नाही, म्हणून माणूस जास्त जोराने चिमटीत धरतो. मऊ कोळंबी चिरडते. आणि बाईला मजुरी किलोवर असते, हात बधिर म्हणजे तिची कमाई कमी. म्हणून ती बर्फ सारते. तिच्या बाजूने ते बरोबरच आहे. पण बर्फ गेला की मालाचं घड्याळ धावायला लागतं. जंतू वाढतात, आणि डोक्यातल्या रसायनामुळे हवेशी संबंध आला की कोळंबीवर काळे डाग पडायला लागतात. थंडीत हे सगळं मंद चालतं, उन्हाळ्यात शेडच्या पत्र्याखाली भराभर.

यावर उपाय ओरडण्याचा नाही, मांडणीचा आहे. सगळा ढीग पुढे ओतायचाच नाही. मोठा माल इन्सुलेटेड पेटीत बर्फातच राहू दे. प्रत्येकीच्या पुढे भोकाच्या ट्रेमध्ये दोन-तीन किलोच द्या, खाली थोडा बर्फ, वर नाही. तेवढा माल वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, तोवर तो गरम होत नाही आणि हात बर्फात बुडत नाहीत. सोललेला माल लगेच दुसऱ्या बर्फाच्या पाण्यात. माल आणून द्यायला आणि सोललेला न्यायला एक माणूस लागतो, हे खरं. पण त्यामुळे बाईला दर वेळी उठून जावं लागत नाही, तो वेळ सोलण्यात जातो. रबरी हातमोज्याच्या आत पातळ सुती मोजा घातला तर थंडी बरीच अडते. मोजे हाताच्या मापाचेच हवेत. पुरुषाच्या मापाचे ढगळ मोजे दिले तर बाया ते काढून ठेवतात, आणि त्यात त्यांची चूक नाही.

हाताची जखम हा याच साखळीतला पुढचा दुवा. कोळंबीचा काटा टोचतो, चिमटीने बोटांची टोकं फुटतात, पाण्यात राहून कातडी सोलते. फुटलेल्या कातडीवर आणि पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात, ते मालात उतरतात आणि प्रयोगशाळेच्या तपासणीत सापडतात. म्हणजे बाईचं बोट दुखतंय ही तिची खाजगी बाब राहत नाही.

आपल्यातल्या जुन्या लोकांना १९९७ आठवत असेल. त्या वर्षी ऑगस्टमध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीच्या आयातीवर बंदी घातली. मालात साल्मोनेला सापडत होता आणि कारखान्यांची स्वच्छता त्यांच्या तपासनिसांना पसंत पडली नव्हती. त्यानंतर निर्यातीच्या कारखान्यांत फरशा आल्या, स्टीलची टेबलं आली, पाय धुवायची हौदं आली. आज देशाची निर्यात २०२३-२४ मध्ये साठ हजार पाचशे कोटी रुपयांवर होती, आणि त्यातले चाळीस हजार कोटी एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. पण आमचं म्हणणं असं की ती टेबलं जंतूंना भिऊन आली, बायांच्या कमरेसाठी नाही. म्हणून उंची कुणी मोजली नाही. फॅब्रिकेटरने जी केली ती आली. पुष्कळ ठिकाणी बुटकी बाई खांदे उचलून काम करते आणि उंच बाई वाकून, एकाच टेबलावर.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम भारतात मासळी प्रक्रियेतल्या स्त्रियांची पाहणी केली, ती २०१२ मध्ये छापून आली. पाठ, कंबर, खांदे यांची दुखणी मोठ्या प्रमाणात आढळली. तैवानमध्ये १९९३ ला मासळी कारखान्यांत खांद्या-हाताच्या दुखण्यांचा असाच अभ्यास झाला. आपल्या बायकांना यात नवीन काही नाही, त्या रोज रात्री बाम लावतातच. मालकांना नवीन असेल.

मग टेबल आणलं की झालं का? नाही, आणि इथे आइसलँडचं उदाहरण ऐकण्यासारखं आहे. तिथे मासळीच्या कारखान्यांत जुनी पद्धत बदलून सरकत्या पट्ट्याची व्यवस्था आली. माल आपोआप पुढे येतो, उचलाउचल नाही, चालणं नाही. पुढे तिथल्या बायकांना विचारलं तेव्हा असं दिसलं की हाताची, बोटांची, मनगटाची दुखणी उलट वाढली होती. का? कारण आता बाई एकाच जागी, एकच हालचाल, दिवसभर, आणि वेग पट्टा ठरवणार. आधी माल आणायला उठत होती तेवढा हाताला विसावा होता, तोही गेला. तेव्हा टेबल, ट्रे, माणूस हे सगळं केलंत तरी दर तासाला पाच मिनिटं हात मोकळे आणि दिवसातून दोन-तीनदा कामाची अदलाबदल, सोलणारी निवडायला, निवडणारी धुवायला, हे ठेवावंच लागेल.

आता मापाचं सांगतो. बाईला चप्पल घालून सरळ उभं करा, हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावा. सोलण्यासारख्या हलक्या, बारीक कामाला हाताखालचा ट्रे कोपराच्या जवळपास किंवा किंचित वर. सुरीने सुरमई-घोळीसारखा मोठा मासा कापायचा तर वितीभर खाली, कारण तिथे वरून जोर द्यावा लागतो. लक्षात ठेवा, मोजायची ती हाताची जागा, टेबलाचा पत्रा नाही. ट्रे सहा इंच उंच असेल तर टेबल तेवढं खाली. सगळ्यांची उंची सारखी नसते, म्हणून टेबल उंच बाईच्या मापाने करा आणि बुटक्या बायांना पायाखाली लाकडी फळ्यांचा पाट द्या. उलट केलं तर उंच बाई वाकलेलीच राहते, तिला खड्ड्यात उभं करता येत नाही. पाट असा की पाणी खालून वाहून जाईल.

दिवसभर उभं राहणंही बरं नाही. पन्नाशीतल्या बायांना तर ते जमतच नाही, आणि आपल्याकडे सोलणारणी बऱ्याचशा त्याच वयाच्या. उंच स्टूल ठेवा, अर्धवट टेकून बसता येईल असं, टेबलाखाली गुडघ्याला जागा सोडून. उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय द्यावी हे १९४८ सालच्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमात लिहिलं गेलं होतं. नवीन फॅशन नाही ही.

एक अडचण खरी आहे. बऱ्याच बाया म्हणतील, "आम्हाला खालीच बरं." वर्षानुवर्षांची सवय आहे, आणि किलोवर मजुरी असताना पहिले काही दिवस टेबलावर हात मंद चालणार, म्हणजे त्यांचेच पैसे बुडणार. मालकाच्या फायद्यासाठी त्यांनी का सोसावं? आमच्या मते पहिले दहा-पंधरा दिवस मागच्या महिन्याच्या सरासरीने मजुरी द्यावी. आणि त्याही पुढे, फक्त किलोवर नाही तर तुकडा कमी निघाला तर थोडा वरचा दर द्यावा. नुसत्या वजनावर पैसे देऊन सफाई मागायची, हे जमणार नाही.

मालक विचारतील, यात आम्हाला काय? समजा, दिवसाला पाच किलो तुकडा कमी निघाला. समजा, अख्ख्या आणि तुकडा मालाच्या भावात किलोला दीडशे रुपयांचा फरक आहे. दिवसाचे साडेसातशे झाले, पंचवीस दिवसांचे अठरा हजार सातशे पन्नास. आकडे आमचे नाहीत, उदाहरणाचे आहेत. तुमचे तुम्ही घाला, आणि मग सुताराकडून स्टुलांचा भाव काढा.

आता बोटमालकांसाठी, कारण तुकडा शेडमध्येच पडतो असं नाही.

जाळं डेकवर रिकामं झालं की खलाशी ओणवे होऊन निवडतात. एका ओढीनंतर दुसरी, रात्रीची झोप नाही. पाठ धरली की माणूस हाताने उचलत नाही, फावड्याने लोटतो, पायाने सारतो. बांगड्याचं पोट तिथेच फुटतं. मांडीच्या उंचीची, कडा असलेली एक निवडायची फळी डेकवर टाकली तर निवडणं उभ्याने होतं, मासळीवर पाय पडत नाही, आणि ती उन्हात कमी वेळ राहते. वर एक ताडपत्री बांधा म्हणजे माणूस आणि मासा दोघेही सावलीत.

बर्फाचं तसंच. लादी फोडून फोडून खांदे गेले की शेवटचा बर्फ मोठ्या ढेकळांचा राहतो. अणकुचीदार ढेकूळ माशाच्या अंगात रुततं, आणि ढेकळांमध्ये पोकळी राहिल्याने मासा नीट थंडही होत नाही. क्रशरचा बारीक बर्फ घेतला तर खलाशाचे खांदे आणि पापलेटचं अंग दोन्ही वाचतं.

क्रेटच्या वजनाचं तर आम्ही दरवर्षी सांगतो. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रात, सगळं अगदी सोयीचं असताना, म्हणजे वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, न वळता, चांगली पकड, कधीतरीच उचलायचं, तेव्हा एका माणसाला तेवीस किलो ही मर्यादा धरली आहे. आपल्या बंदरात यातलं एकही सोयीचं नसतं. ओहोटीला जेटी डेकच्या डोक्यावर असते, डेक ओला, बोट हलती. तिथे चाळीस-पन्नास किलोचा टब दोघं वर ढकलतात आणि वरचे दोघं आकड्याने ओढतात. आकडा कधी टबाला लागतो, कधी सुरमईला. वर आला की आपटतो, कारण हात सुटतात. लिलावात बोली लावणारा तो टब हलवून बघतो आणि खालच्या थरातला पिचलेला माल पाहून भाव पाडतो. त्यात व्यापाऱ्याला शिव्या देऊन काय उपयोग.

बर्फासकट वीस किलोच्या आसपासचे, दोन्ही बाजूंना हाताला जागा असलेले क्रेट वापरा. जास्त खेपा होतील, पण वेळ तितका वाढत नाही, कारण एकेक माणूस एकटा नेऊ शकतो. क्रेट उथळ असला की खालचा मासाही चेपत नाही. भरती-ओहोटीचा हिशेब लावून उतरवता आलं तर उत्तम. नाहीतर जेटीवर एक साधी कप्पी आणि लोखंडी दांडा बसवायचा, त्याला यंत्र लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० पासून आहे. बर्फ कारखाना, इन्सुलेटेड गाडी, बर्फपेटीसह मोटारसायकल अशा गोष्टींना त्यात सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदत बसते. सोलणी शेड बऱ्याचदा बाईच्या कष्टावर चालते आणि अर्ज पुरुषाच्या नावाने जातो, हे आम्ही कागद भरताना नेहमी बघतो. अर्ज करण्याआधी घरात विचार करा. टेबल, पाट, स्टूल, निवडायची फळी यांना मात्र योजनेची वाट बघू नका. आपल्याच गावचे सुतार आणि फॅब्रिकेटर ते करून देतात.

संस्थेच्या कार्यालयात मोजमापाचा टेप आणि एका नमुना स्टुलाचं माप लिहून ठेवलेलं आहे. ज्या शेडवाल्यांना करून बघायचं आहे त्यांनी आधी आठ दिवस रोजचा अख्खा माल आणि तुकडा वेगळा तोलून वहीत लिहावा, मग बदल करावा, आणि पुन्हा आठ दिवस लिहावा. दोन्ही वह्या आमच्याकडे आणा, आकडे इथेच टाकू, नाव न घालता. सोलणाऱ्या बायांपैकी कुणाला काही सांगायचं असेल तर त्यांनी थेट यावं, मालकाला विचारायची गरज नाही. सकाळी अकरानंतर कार्यालय उघडं असतं.